'किती आली?'

पत्र : मी कर्वेनगरला राहते. मुलगी नववीत आहे, नुकतीच चौदा पूर्ण झाली. नवव्या वर्षी तिला टाइप वन डायबेटिस निघाला, म्हणजे शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही तो. पहिली तीन वर्षं सगळं मी केलं. सातवीपासून ती स्वतः इंजेक्शन घेते, स्वतः तपासते, डायरी लिहिते. सगळे म्हणायचे, किती समजूतदार पोर! गेल्या महिन्यात तिचा एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा रिपोर्ट, १०.२ आला. डायरीत मात्र ११८, १२४, १३१. डॉक्टरांनी शुगर तपासायचं मीटर मागून घेतलं आणि त्याची मेमरी उघडली. दिवसच्या दिवस रीडिंगच नाहीत, आहेत ती २८०, ३४०. घरी येऊन मी तिला खूप बोलले. आता कळतंय की शाळेत दुपारचं इंजेक्शन ती बऱ्याचदा घेतच नाही, घेतलं तर बाथरूममध्ये जाऊन घेते. क्लास सुटल्यावर मैत्रिणींबरोबर वडापाव खाते. मी क्लास बंद करू का? सगळं परत माझ्या हातात घेऊ का? सासूबाई म्हणतात, कोणाला सांगू नका, पुढे लग्नाला अडेल. शिवाय कोणाकडचं तरी कारल्याचं औषध सुचवतात. हे म्हणतात, 'तू बघ.' धाकटा मुलगा लपून गोड खायला लागलाय. मी आई उरलेच नाही, घरातली पोलीस झालेय.

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि मला माझ्या जुन्या घरातली स्वयंपाकघराची भिंत आठवली. माझ्या मुलाला १९९८ साली, सातव्या वर्षी टाइप वन निघाला. तेव्हा तपासायच्या पट्ट्या परवडायच्या नाहीत, दिवसाला दोन म्हणजे चैन. ओट्याशेजारी कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि तारखेच्या चौकटीत मी त्या दिवसाचा आकडा लिहायचे. दीडशेच्या आत असला तर निळ्या पेनाने, वर गेला तर लाल. मला वाटायचं, काय पद्धतशीर चाललंय आपलं! तो अकरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्याने स्वतःच तपासलं आणि बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगितलं, '९६!' मी निळं पेन काढलं, त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या आवडीच्या काचऱ्या फोडणीला टाकल्या. रात्री दोनला तो तिसऱ्यांदा पाणी प्यायला उठला, तेव्हा मी पुन्हा तपासलं. ३८८. संध्याकाळी बोटावरच्या रक्ताच्या थेंबात त्याने नळाचं पाणी मिसळलं होतं. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, 'तू निळं पेन काढतेस तेव्हा हसतेस.'

तेव्हा तुमच्या लेकीने (आपण तिला इथे सई म्हणू) ११८ का लिहिले, हे मला तरी कोणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडे 'किती आली?' हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, अगदी त्याच सुरात 'किती पडले?' विचारतात. नववीतल्या मुलीला पुण्यात 'किती पडले' किती वेळा ऐकावं लागतं बघा. युनिट टेस्टला, क्लासच्या रविवारच्या परीक्षेला, लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंकडून. त्यात दिवसातून चारदा मीटर. गणिताचा पेपर एकदा हातात पडला की निदान विषय संपतो. हा पेपर रोज, सुट्टीतही, दिवाळीच्या पहाटेही. आणि उत्तर बरोबर असूनही मार्क कमी पडतात, कारण शुगर खाण्यावर चालते, खेळण्यावर चालते, झोपेवर, तापावर, पाळीवर आणि उद्याच्या तोंडी परीक्षेच्या भीतीवरही चालते.

गेली बारा वर्षं मी टाइप वनच्या मुलांच्या आईवडिलांबरोबर बसते. खोटी डायरी आता मला लांबून ओळखू येते. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, सरळ रांगेत भरलेली असते. खऱ्या डायरीत कुठे तरी रक्ताचा तपकिरी ठिपका असतो, कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागलेलं असतं, मधले दोन दिवस कोरे असतात. दवाखान्यात जाताना म्हात्रे पुलाजवळच्या ट्रॅफिकमध्ये, मागच्या सीटवर बसून महिन्याभराचे आकडे भरणारी मुलं मला माहीत आहेत. त्यातली काही आज उत्तम डॉक्टर, इंजिनिअर झालीत. सई बिघडलेली नाही. ती दमलीय.

आता त्या १०.२ कडे येऊ. याचा अर्थ गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर २४६ च्या आसपास. या मुलांसाठी उद्दिष्ट साधारण सातच्या आतबाहेर असतं, म्हणजे हे खाली आणायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण सगळं खापर वडापावावर फोडण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, तिचा डोस. वयात येताना शरीरात जे हार्मोन सुरू होतात, ते इन्सुलिनला फारशी दाद लागू देत नाहीत. त्याआधी मुलाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पाऊण ते एक युनिट पुरतं. या वयात तेच सव्वा, दीड, काहींना दोनपर्यंत लागतं. सईचा डोस सातवीतलाच चालू असेल तर एकही वडापाव न खाता तिची शुगर चढेल. पाळीआधीचे दोन-चार दिवस तर बऱ्याच मुलींची शुगर काहीही न करता वर जाते. हे तिला कोणी सांगितलंय का? नसेल तर ती प्रत्येक ३०० ला स्वतःलाच दोष देत असणार, आणि स्वतःला दोष देऊन कंटाळा आला की माणूस तपासणंच सोडतो.

दुसरी, इंजेक्शनची जागा. ती रोज बदलायची असते आणि मुलं बदलत नाहीत, कारण एकाच ठिकाणी टोचून टोचून तिथे दुखेनासं होतं. पण तिथेच कातडीखाली चरबीची मऊ गादी तयार होते आणि तिच्यात गेलेलं इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. बोटांनी चाचपून कळतं. तिला स्वतःला चाचपू दे, किंवा पुढच्या भेटीत नर्सला सांगा.

तिसरी अगदी साधी. इन्सुलिनचं पेन दप्तरात, दप्तर स्कूटीच्या डिकीत आणि डिकी एप्रिलच्या उन्हात. चालू पेन घरच्या हवेत साधारण चार आठवडे टिकतं, पण ती हवा म्हणजे डिकी नव्हे. न उघडलेली पेनं फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वितळून परत कामाला येत नाही.

हे तिन्ही डॉक्टरांसमोर मांडा. आणि मांडताना सई तिथे असू दे. 'बघा, सगळी चूक तिचीच नव्हती' हे तिच्यादेखत बोललं गेलं पाहिजे.

क्लास बंद करू नका. आणि सगळं तुमच्या हातातही घेऊ नका. पण थोडं घ्या. खरं सांगायचं तर चूक इथेच झाली, सातवीत सगळं एकदम तिच्यावर सोपवण्यात. बारा वर्षांच्या मुलीला आपण एकटीला बँकेत पैसे भरायला पाठवत नाही, आणि इन्सुलिनचे युनिट ठरवायला बसवतो. का? तर ती समजूतदार आहे म्हणून! हा शब्द पोरांना फार महागात पडतो. एकदा ताईसाहेब समजूतदार ठरल्या की 'आई, मला जमत नाहीये' म्हणायची सोय राहत नाही. ज्यांच्यावर सगळं लवकर सोपवलं जातं त्या मुलांची शुगर याच वयात बिघडते, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

मग काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन तुम्ही घ्या. टोचेल तीच, पण तुमच्या डोळ्यांसमोर, रोज, भांडण झालेलं असलं तरी. यात घासाघीस नाही. ते चुकलं तर शरीर साखर वापरू शकत नाही, चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला सडक्या फळासारखा वास अशी लक्षणं दिसली की तडक हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. आजारपणात ती काही खात नसली तरी हे इन्सुलिन थांबवायचं नाही. 'जेवलीच नाही, मग इंजेक्शन कशाला' हे वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यातून काढून टाका, आजींच्याही. सध्याची पद्धत वेगळी असेल, म्हणजे दोन वेळचं मिक्स इन्सुलिन चालू असेल, तर कुठला डोस तुमच्यासमोर व्हायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

मग रात्री जेवणं आटोपली की दहा मिनिटं दोघींनी मीटर बघायचं. डायरी नको. ती वही सध्या बंदच करा, मीटरला आठवण असते. या दहा मिनिटांखेरीज दिवसभरात शुगरवर एक शब्द नाही. ती दारात आली की 'किती आली?' नाही. आधी चप्पल काढू दे, दप्तर टाकू दे, शाळेत काय झालं ते सांगू दे. सुरुवातीला तुमची जीभ चावली जाईल, माझी तर महिनाभर चावली जात होती.

आणि त्या दहा मिनिटांत ३२० दिसलं तर? 'हे काय खाल्लंस?' हे तुमच्या ओठांवर येईल. ते गिळा आणि म्हणा, 'तपासलंस ना, बरं केलंस. आता किती युनिट घ्यायचे?' बस. ३२० ला काय करायचं एवढाच प्रश्न आहे, ते कोणी केलं हा नाही. 'चांगली शुगर', 'वाईट शुगर' हे शब्दही घरातून हळूहळू काढा. जास्त, कमी, ठीक. हवेचं तापमान सांगतो तसं सांगायचं. पहिले दहा-पंधरा दिवस ती तुम्हाला तपासून बघेल, मुद्दाम एखादा भलताच आकडा दाखवेल आणि तुमच्या भुवयांकडे बघेल. भुवया जागेवर ठेवा.

आता 'हे' म्हणजे सईचे बाबा. 'तू बघ' म्हणणाऱ्या बाबांबद्दल माझं मत फार सौम्य नाही, पण त्यात बऱ्याचदा भीती असते हेही पाहिलंय. सुईला घाबरणारे धिप्पाड पुरुष मी कमी पाहिलेले नाहीत. त्यांना रविवार द्या. रविवारी सईला डायबेटिसची सुट्टी, म्हणजे इन्सुलिनची नव्हे, डोक्याची. तपासायचं बाबांनी, पोळ्या मोजायच्या बाबांनी, डोस ठरवून पेन फिरवायचं बाबांनी, तिने फक्त हात पुढे करायचा. एक दिवस कोणी तरी दुसऱ्याने आठवण ठेवायची. मुलं या एका दिवसावर किती हलकी होतात! आणि बाबांना पहिल्याच रविवारी कळेल की साबुदाण्याच्या खिचडीला किती युनिट लागतात हे ठरवणं आयकर भरण्यापेक्षा अवघड आहे.

बाबांना आणखी एक काम. पेन बिघडलं, गावी गेलात आणि बाटलीतून इन्सुलिन द्यायची वेळ आली तर लक्षात ठेवायचं, आपल्याकडे बाटली ४० ताकदीचीही (एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट) मिळते आणि १०० चीही. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा अडीचपट कमी पडतो. केमिस्टच्या घाईवर विसंबू नका.

शाळा. बाथरूममधलं इंजेक्शन आधी थांबलं पाहिजे, आणि ते तिला रागावून थांबणार नाही. तुम्ही दोघी वर्गशिक्षिकांना भेटा. एक पानभर लिहून द्या, मोठ्या अक्षरात. सईला टाइप वन आहे, हा गोड खाण्याने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही म्हणून ते बाहेरून घ्यावं लागतं. दुपारी पाच मिनिटं तिला सिकरूम किंवा स्टाफरूमचा कोपरा हवा. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं तर शुगर ७० च्या खाली गेली समजायचं. तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. तिला एकटीला कुठेही पाठवायचं नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हेच पान पीटीच्या सरांकडेही हवं, कारण शुगर बऱ्याचदा मैदानावर पडते. सिंहगडावर सहल गेली तर त्या रात्रीसुद्धा पडू शकते, म्हणून झोपताना तपासायचं. पुढच्या वर्षी दहावी आहे. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळ, थोडा खाऊ, पाणी जवळ ठेवू दिलंय. राज्य मंडळाची शाळा असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांकडे आत्ताच अर्ज द्या, फेब्रुवारीत धावाधाव नको.

मैत्रिणींना सांगायचं की नाही, हे मात्र सईने ठरवायचं. कोणाला, कधी, कुठल्या शब्दांत तेही तिचंच. तुम्ही तिच्या पाठीमागे मैत्रिणीच्या आईला फोन केलात तर पुढची पाच वर्षं विसरा. तिला अलेक्झांडर झ्वेरेव्हबद्दल सांगून बघा. जर्मन टेनिसपटू, लहानपणीच, चौथ्या वर्षाच्या सुमारास टाइप वन निघाला. २०२१ मध्ये टोकियोला ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेतलं, तेव्हाही हे लोकांना ठाऊक नव्हतं. त्याने उघडपणे सांगितलं ते २०२२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी. आता सामन्यात मधल्या वेळेत खुर्चीवर बसून इंजेक्शन घेतो. त्याला सांगायला पंचविशी उजाडली, सईला थोडा वेळ लागला तर चालेल. तोवर क्लासमधल्या एकीला तरी माहीत असावं, एवढाच आग्रह धरा. शुगर लो झाली की आपल्याला काय होतंय हे स्वतःला शेवटी कळतं.

आता वडापाव. तो बंद केलात तर काय होईल? लपून खाणं चालूच राहील. त्यापेक्षा त्याचा हिशोब शिका. एक मोठा वडापाव कार्बच्या, म्हणजे पिष्टमय पदार्थांच्या दृष्टीने दोन ते तीन फुलक्यांएवढा धरावा लागतो आणि तळलेला असल्याने शुगर जरा उशिरा, पण बराच वेळ चढत राहते. क्लास सुटायच्या आधी तपासलं, हिशोबाने इन्सुलिन घेतलं आणि मग चौघींबरोबर गाडीपाशी उभी राहिली, तर त्यात लपवण्यासारखं काय उरलं? नेमके किती युनिट ते आहारतज्ज्ञांना विचारा, त्यासाठीच त्या आहेत, 'बाहेरचं खाऊ नका' एवढं सांगायला नव्हेत. रोज खावा असं मी म्हणत नाही. पण आठवड्यातून एकदाचा मोजलेला वडापाव चारदा लपवलेल्यापेक्षा परवडतो. गणपतीत उकडीचा मोदकही तसाच, मोजून, इन्सुलिन घेऊन, सगळ्यांबरोबर एकाच ताटात. उपवासाचं मात्र जपून. साबुदाणा, बटाटा, वरी म्हणजे मुख्यतः स्टार्च, शुगर एक्सप्रेस गाडीसारखी पळते. देवाची परवानगी काढता येते, डॉक्टरांची आधी काढा.

धाकट्याचंही यातच सुटेल. घरात गोड सगळ्यांसाठी एकदाच, टेबलावर, उजेडात. ताईमुळे आपल्याला लाडू मिळत नाही, हे सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या मनात बसलं की ते रक्षाबंधनालाही निघत नाही. त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ द्या, जिथे डायबेटिसचा विषयच नाही. संभाजी बागेत न्या, मस्तानी खायला घाला, काहीही.

आजींवर चिडू नका, त्या त्यांच्या काळातली काळजी करताहेत. पण कारल्याच्या बाबतीत ठाम राहा. त्यांना एक गोष्ट सांगा. १९२२ च्या जानेवारीत कॅनडात टोरांटोच्या हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा एक मुलगा मरणाच्या दारात होता. वय १४, आपल्या सईएवढंच. वजन जेमतेम तीस किलो, कारण तेव्हा या आजारावर उपाशी ठेवण्याखेरीज उपाय नव्हता. बँटिंग आणि बेस्ट यांनी आदल्या वर्षी काढलेल्या इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन त्याला दिलं. ते नीट शुद्ध नव्हतं, लागू पडलं नाही. बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं दिलं आणि तो उठून बसला. त्याआधी जगात कारली नव्हती थोडीच! कारलं भाजी म्हणून खाऊ दे की, त्याने इन्सुलिनचं काम होत नाही एवढंच. त्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे तोच बालदिन, आजींच्या लक्षात राहील.

लग्नाचं बोलणं मात्र सईच्या कानावर पडता कामा नये. 'कोणाला सांगू नका' हे वाक्य ती नऊ वर्षांची असल्यापासून ऐकतेय आणि मग आपण विचारतो, बाथरूममध्ये का जातेस. टाइप वन असलेल्या बायका लग्न करतात, शुगर सांभाळून त्यांना निरोगी मुलं होतात. लपवून केलेल्या लग्नात पेन कुठे लपवणार, हे आजींना हळूच विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला विचारावी लागेल. सईचं वजन उतरलंय का? आरशासमोर जास्त वेळ, 'जाड दिसते मी' असं काही? या वयातल्या काही मुलींच्या लक्षात येतं की इन्सुलिन चुकवलं की वजन घटतं, आणि मग त्या ते मुद्दाम चुकवतात. तो हट्ट नसतो, आजार असतो आणि जिवावर बेतू शकतो. महिन्याला किती पेनं संपायला हवीत आणि प्रत्यक्षात किती संपतात, एवढं शांतपणे मोजा. संशय वाटला तर तिच्यावर उलटतपासणी नको, डॉक्टरांना एकट्यांना भेटा आणि सईलाही डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर. चौदाव्या वर्षी प्रत्येक भेटीत थोडा वेळ तरी असाच मिळायला हवा. ती सतत उदास असेल, खोलीबाहेर पडत नसेल तर समुपदेशकाची वेळ घ्या. 'जगायचंच नाही' असं कधीही म्हणाली तर इन्सुलिन आपल्या ताब्यात ठेवा, तिला एकटी सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.

आणखी एक, तुमच्यासाठी. पुण्यात हे एकटीने करायची गरज नाही. रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटलचं डायबेटिस युनिट आहे, जहांगीर हॉस्पिटलमध्ये टाइप वनच्या मुलांवर वर्षानुवर्षं काम चाललंय. तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे येणाऱ्या अशा मुलांची एकमेकांशी गाठ घालून देतात का. स्वतःसारखीच दुसरी मुलगी पोटावरचा फ्रॉक जरासा वर करून, गप्पा न थांबवता पेन टोचताना सईने एकदा बघितली, की माझ्या या सगळ्या लांबलचक पत्रापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

पुढची भेट कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्या दिवशी नवी वही घेऊन जाऊ नका. जुनीच न्या, ११८, १२४, १३१ असलेल्या पानांसकट, आणि ती पानं फाडू नका की त्यावर काट मारू नका. आणि रिपोर्ट आला की पाकीट सईच्या हातात द्या, तिला आधी उघडू दे. तुम्ही तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघा.